क्रूनर म्हणजे नक्की कोण?

एका बातमीत टिपेला भिडणाऱ्या पार्श्वगायकाला 'क्रूनर' म्हटलं होतं. तेवढ्यावरून कट्ट्यावर जुंपली.

"क्रूनर म्हणजे आपला भावगायक. त्यात वाद कसला?" सुहास म्हणाला.

"आहे ना वाद," नितीन सरसावला. "भावगीत गातो तो भावगायक, म्हणजे नाव गाण्याच्या जातीवरून. क्रूनर हे नाव गळा लावण्याच्या तऱ्हेवरून, माईकजवळ हळुवार गाण्यावरून. माईक काढून घे, भावगायक उरतो. क्रूनर संपला."

"का? आधी कुणी हळुवार गातच नव्हतं?"

"अंगाई होतीच की. क्रून हा शब्द मुळात स्कॉटिश बोलीतला, कण्हणं-गुणगुणणं अशा अर्थाचा. पण भरल्या थिएटरात गुणगुणून भागत नाही, शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकावा लागतो. अमेरिकेत रूडी व्हॅली त्यासाठी तोंडाला चक्क कर्णा लावायचा. १९२५च्या सुमारास माईक लावून विजेवरचं रेकॉर्डिंग आलं, घरोघरी रेडिओ शिरला, आणि कानाशी बोलल्यासारखं गाणं शक्य झालं. मग बिंग क्रॉस्बीसारख्या क्रूनरचा जमाना."

"म्हणजे सोपं काम. माईकजवळ जायचं आणि पुटपुटायचं."

"करून बघ! रिबन माईक, म्हणजे आत धातूची पातळ पट्टी असलेला, त्याच्या जवळ गेलं की खर्ज फुगतो. वीतभर अंतरावर आवाज मखमली लागतो, ओठ टेकवलेस की शब्द गढूळ. 'प', 'भ' आले की हवेचा झोत थेट पट्टीवर आदळून 'भप्' होतं, म्हणून तोंड जरा तिरकं ठेवायचं. स्वर चढला की मान मागे. आणि श्वास चोरून घ्यायचा, कारण तोही ऐकू जातो. अमेरिकन गायक फ्रँक सिनात्रा हे श्वासाचं तंत्र ट्रॉम्बोन फुंकणाऱ्या टॉमी डॉर्सीला बघून शिकला."

"सिनात्रा, म्हणजे क्रूनरच की!" सुहासला मुद्दा सापडला.

"लोक म्हणतात. त्याला स्वतःला ते लेबल मान्य नव्हतं. शब्दाला वास होता रे, रडव्या गाण्याचा. १९३२ साली बॉस्टनचे कॅथलिक धर्मगुरू कार्डिनल ओकॉनेल यांनी या गायकीला जाहीर झोडपलं होतं."

"बाईला काय म्हणायचं?" मागून प्रश्न.

"हा शब्द बहुधा पुरुषालाच. हुकलेल्या प्रेमाची गाणी गाणारी ती टॉर्च सिंगर."

"बरं, आपल्याकडचा कोण?"

"तलत महमूद. आवाज न चढवता, थरथरीसकट माईकवर ठेवलेला. तिथे शब्द चपखल बसतो."

"आणि बातमीतला?"

"त्याला नुसतं गायक लिहा."