काचेवरच्या चिकटपट्टीने वादळ अडत नाही

चक्रीवादळाचा इशारा आला की एक मेसेज हमखास फिरतो: काचांवर चिकटपट्टीची फुली मारा, खिडकी किलकिली ठेवा, दाब सारखा होतो. दोन्ही सल्ले चुकीचे आहेत.

पट्टीने काच मजबूत होत नाही. फुटलीच तर पट्टीला चिकटलेले मोठे, धारदार तुकडे आत येतात. फटीतून घुसलेला वारा छताला आतून वर रेटतो, म्हणजे पत्रे उडायला मदतच!

शिवाय काच बऱ्याचदा नुसत्या वाऱ्याने नाही, उडून आलेल्या वस्तूंनी फुटते. १९८३ च्या अ‍ॅलिशिया वादळात ह्यूस्टनच्या टॉवरांच्या काचा शेजारच्या गच्च्यांवरल्या खडीने फोडल्या. १९९२ च्या अँड्र्यूनंतर मायामीत चाचणीच सक्तीची झाली: सुमारे चार किलोचा लाकडी वासा ताशी ५५ किलोमीटर वेगाने काचेवर मारतात. लॅमिनेटेड काच यात तडकते, पण दोन थरांमधला प्लास्टिकचा पडदा तुकडे धरून ठेवतो. अर्थात चौकटही तेवढीच घट्ट हवी. ती निखळली तर महागडी काच फुकट.

अशी काच नसेल तर बाहेरून प्लायवूड स्क्रूने पक्कं बसवा, गच्चीतल्या कुंड्या आत घ्या, खिडक्या कडी लावून बंद करा आणि आतल्या खोलीत थांबा.