टाटा इस्टेट या जुन्या गाडीच्या कामाबद्दल आलेल्या २ स्टारच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार सर, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, घरात मिसेसनी पण वाचला. डिकीतून पावसाचं पाणी येतंय त्याबद्दल माफी मागतो, ती चूक आमचीच. १९९४ च्या इस्टेटचं मागच्या दाराचं ओरिजिनल रबर आम्हाला कुठे मिळालं नाही, म्हणून मीटरवर मिळणारं लावलं, ते कोपऱ्यात नीट बसलेलं नाही. बिल १ लाख ८० वरून २ लाख २५ वर गेलं तेही आधी फोन करून सांगायला पाहिजे होतं. कार्पेट काढल्यावर ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा अंगठ्याने दाबला तरी आत जात होता, तो कापून नवीन घातला. लांबी (पुट्टी) भरून झाकला असता तर स्वस्तात झालं असतं, पण वहिनी त्यात रोज पोरांना शाळेत सोडणार, मला ते जमलं नाही.

पण "गाडी चार महिने धूळ खात पडली होती" हे जे लिहिलंय ते फार लागलं सर. वेल्डिंग आम्ही मे च्या दुसऱ्या आठवड्यात संपवलं. आतला पत्रा घासायचं काम तुम्ही दोघांनी हौसेने स्वतःकडे घेतलं होतं, वहिनींच्या वडिलांची गाडी म्हणून, आणि मला ते आवडलंच होतं. पण पत्रा घासून झाल्याशिवाय प्रायमर नाही, प्रायमर नाही तर रंग नाही, आणि रंगाशिवाय काचा, रबर, सीट काहीच बसत नाही. पुढच्या ११ रविवारांत तुम्ही ४ वेळा आलात. कामं असतात सगळ्यांना, त्याबद्दल तक्रार नाही. मी दोनदा विचारलं की आमच्या पोरांकडून घासून घेऊ का, तर तुम्ही म्हणालात नको, आमच्या हातानेच करायचंय. त्यातच जून लागला, पावसाळी हवेत उघड्या पत्र्यावर एका रात्रीत तांबेरा चढतो, तुम्ही घासलेला भाग आम्ही परत घासला, त्याचा एक रुपया लावलेला नाही, बिल बघा.

वहिनींना मागच्या सीटखाली त्यांचा शाळेचा बिल्ला सापडला होता, गंजलेला, तो ओढणीने पुसून त्यांनी पर्समध्ये ठेवला. तेव्हा आमची पोरं पण हातातलं काम सोडून बघत होती. अशी गाडी आम्ही धूळ खात ठेवू का?

सकाळच्या पांढऱ्या धुराचं म्हणाल तर या इंजिनाला थंडीत आधी गरम करणारे हीटर प्लग आहेत, चावी फिरवून त्यांचा दिवा विझेपर्यंत थांबायचं आणि मगच स्टार्टर मारायचा. तरी धूर आला तर प्लग तपासून देतो. हेच १९४८ सीसीचं डिझेल इंजिन टाटाच्याच जुन्या सिएरा आणि टाटामोबाईल पिकअपमध्ये पण होतं त्यामुळे इंजिनचं सामान शोधलं की मिळतं, बॉडीचं मिळवताना जीव जातो.

यापुढे तारखा लिहून देऊ, फोटो पण वेळच्या वेळी पाठवू, बघतो कसं जमतं ते. छोटं गॅरेज आहे सर, लोक रिव्ह्यू वाचूनच येतात. डिकीसाठी दुसरं जाड रबर आणून ठेवलंय, रविवारी सकाळी १० ला या, दोघं या, तासाभराचं काम आहे, पैसे नाहीत.