‘बँकेचं एआय बघून घेईल’ हा भरवसा घातक आहे

व्हॉट्सॲपच्या गटांमध्ये सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं सार असं: बँकांनी एआय बसवलंय, ते प्रत्येक संशयास्पद व्यवहार आपोआप अडवतं, त्याच्यापासून काहीच लपत नाही, तरीही पैसे गेले तर बँक भरून देते, आणि पोलिसांचं एआय चोराला शोधून काढतं, म्हणून ज्येष्ठांनी निर्धास्त राहावं. हेतू धीर देण्याचा असेल. पण ज्यांना सर्वाधिक लक्ष्य केलं जातं त्यांनाच हा मजकूर पाठवला जातोय, म्हणून उत्तर देणं भाग आहे.

‘प्रत्येक संशयास्पद व्यवहार अडवतं’ इथूनच सुरुवात करू. नवा फोन, परकं शहर, अवेळी झालेली खरेदी अशा खुणांवरून चोरलेलं कार्ड ओळखण्यात ही यंत्रणा तरबेज आहे. ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये, म्हणजे फोनवरून अटकेची भीती घालून पैसे उकळण्याच्या प्रकारात, मात्र यातलं काहीच नसतं. खोट्या सीबीआय अधिकाऱ्याच्या धाकाने माणूस स्वतःच्या फोनवरून, स्वतःच्या घरातून, स्वतःचा पिन टाकून पैसे पाठवतो. काही जण तर शाखेत जाऊन ठेव मोडतात आणि आरटीजीएसचा फॉर्म स्वतः भरतात. रक्कम मोठी आहे एवढीच काय ती खूण, आणि मुलीच्या लग्नासाठी किंवा घरासाठी काढलेली रक्कमही मोठीच असते. अशा वेळी काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने ‘काका, एवढे पैसे कुणाला पाठवताय?’ असं विचारल्यामुळे लोक वाचले आहेत.

यामागे साधं गणित आहे. यूपीआयवर दिवसाला 60 कोटींहून जास्त व्यवहार होतात आणि त्यातले जवळपास सगळे प्रामाणिक असतात. समजा, यंत्रणा 99 टक्के अचूक आहे. तरी उरलेल्या एका टक्क्यात रोज 60 लाख चांगले व्यवहार अडकतील. किराणा दुकानदार, रिक्षावाले, दवाखाने सगळे खोळंबतील. म्हणून चाळणी सैल ठेवावी लागते आणि सैल चाळणीतून लबाडीही निसटते. पुढे संगणक कितीही शक्तिशाली झाले तरी ही ओढाताण पूर्ण मिटणारी नाही.

‘एआयपासून काहीच लपत नाही’ हेही खरं नाही. पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये झालेला हल्ला आठवा. हल्लेखोरांनी मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर वापरून बनावट स्विच (एटीएमच्या मागण्या बँकेच्या प्रणालीकडे नेणारा दुवा) उभा केला. एटीएममधून आलेल्या मागण्या बँकेच्या मूळ प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत, त्या बनावट स्विचनेच मंजूर केल्या. 28 देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि स्विफ्ट या आंतरराष्ट्रीय बँक-संदेश यंत्रणेद्वारे हाँगकाँगला पाठवलेली रक्कम धरून सुमारे 94 कोटी गेले. जी मागणी प्रणालीपर्यंत येतच नाही, तिची तपासणी तिथे बसवलेलं कोणतंही एआय कसं करणार?

एआय निरुपयोगी आहे, असं मी म्हणत नाही. माझ्या मते त्याचा खरा उपयोग पैसे पाठवणाऱ्यापेक्षा घेणाऱ्याच्या बाजूला आहे. चोरीचा पैसा भाड्याने घेतलेल्या खात्यांतून, म्हणजे म्यूल खात्यांतून फिरतो. वर्षभर शांत असलेल्या खात्यात अचानक अनोळखी लोकांचे लाखो रुपये येतात आणि काही मिनिटांत बाहेर जातात, ही चाल यंत्राला चांगली ओळखता येते. रिझर्व्ह बँकेच्या इनोव्हेशन हबने याच कामासाठी ‘म्यूलहंटर’ तयार केलं आणि डिसेंबर 2024 मध्ये ते जाहीर झालं. प्रत्येक बँकेने, सहकारी बँकांनीसुद्धा, अशी साधनं मनापासून वापरावीत हा आग्रह आपण धरायला हवा. त्यासोबत अडकलेल्या निर्दोष खातेदाराचं ऐकून घेणारा माणूसही हवा; चोरीचे चार-पाचशे रुपये फिरत आले म्हणून दुकानदाराचं अख्खं खातं गोठणं हा अन्याय आहे.

‘बँक भरून देते’ हे सर्वांत घातक वाक्य. रिझर्व्ह बँकेच्या जुलै 2017 च्या परिपत्रकातलं संरक्षण अनधिकृत व्यवहारांसाठी आहे. ग्राहकाने स्वतः पिन किंवा ओटीपी दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्यानेच सोसायचं.

राहिलं पोलिसांचं एआय. महाराष्ट्राने 2024 मध्ये पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ नावाची एआय कंपनी स्थापन केली आणि तपासात तिची मदत होईलही. पण फोन करणारे अनेकदा म्यानमार-कंबोडियातल्या बंदिस्त आवारांत बसलेले असतात, आणि तिथे यंत्राने नाव शोधून दिलं तरी बेड्या घालायला कोण जाणार? राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलच्या नोंदींनुसार 2023 मध्ये देशात सायबर फसवणुकीत सुमारे 7,465 कोटी रुपये गेले, 2024 मध्ये 22,845 कोटी. एआय बँकांमध्ये आलेलं असतानाच ही वाढ झाली आहे.

पैसे गेल्याचं लक्षात येताच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. त्या फोनवरून पुढच्या बँकेला रक्कम रोखायला सांगितलं जातं, आणि ती अजून कुठल्यातरी खात्यात असेल तरच हे शक्य होतं. एकदा ती एटीएममधून निघाली किंवा क्रिप्टोत गेली, की गोठवायला खातंच उरत नाही.