‘असं होतच नाही’ म्हणणाऱ्यांना लेबर रूममधून उत्तर

गेले काही महिने एक मजकूर नर्सेसच्या, डॉक्टरांच्या आणि आता सोसायट्यांच्या ग्रुपवरही फिरतो आहे. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कायदेशीर गर्भपातात बाळ जिवंत जन्मूच शकत नाही. क्वचित कधी ठोके चालू असले तरी कायद्याच्या लेखी ते बाळ नव्हे, त्यामुळे त्याची जबाबदारी कुणावर नसते. तसंही ते जगत नाही. आईने सही दिलेली असते. आणि याबद्दल बोलणाऱ्या नर्सेस मुळात गर्भपाताच्याच विरोधात असतात, अमेरिकेतल्या प्रचाराची री ओढतात.

मला हा मजकूर चौघांनी पाठवला, त्यातले दोघे डॉक्टर आहेत. मी २१ वर्षं लेबर रूममध्ये स्टाफ नर्स म्हणून काढली आहेत. नको असलेलं किंवा जगूच न शकणारं मूल पोटात वाढवायला कुठल्याही बाईला भाग पाडू नये, असं मी तेव्हाही मानत होते आणि आजही मानते. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचताना कुणीतरी मला पलीकडच्या गोटात ढकलणारच आहे.

“बाळ जिवंत जन्मूच शकत नाही.” हे कसं घडतं ते आधी सांगते. विसाव्या आठवड्यानंतर आपल्याकडे बहुतेक वेळा गोळ्या देऊन कळा आणतात. आधी मिफेप्रिस्टोन, मग ठरावीक तासांनी मिसोप्रोस्टॉल. बाईला खऱ्या कळा येतात आणि ती प्रसूत होते. गोळ्यांचं काम गर्भाशयाला आकुंचन आणायचं, बाळाचं हृदय थांबवायचं नाही. बरीचशी बाळं त्या कळांमध्येच जातात. काही जात नाहीत. म्हणून दिवस पुढे गेलेले असले तर आधी सोनोग्राफीखाली सुई घालून बाळाच्या हृदयात पोटॅशियम क्लोराइड देतात आणि ठोके थांबल्याची खात्री करूनच कळा सुरू करतात. ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांचं रॉयल कॉलेज २१ आठवडे ६ दिवसांच्या पुढे हे करायला सांगतं. जे होतच नाही ते टाळण्यासाठी एवढी जोखमीची सुई कुणी घातली असती का? आणि ती घालणारा हात मोठ्या शहरांत मिळतो. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या ठिकाणी रात्री ड्यूटीवर असतात एक डॉक्टर आणि दोन नर्स.

आकडाच हवा असेल तर अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा घ्या. २००३ ते २०१४ या १२ वर्षांत गर्भपातानंतर जिवंत जन्मून मग दगावलेली १४३ बाळं त्यांना मृत्युदाखल्यांतून नक्की सापडली. त्यांपैकी ९७ प्रकरणांत आईच्या प्रकृतीची गुंतागुंत किंवा बाळात जन्मजात दोष होता. खरा आकडा याहून मोठा असू शकतो, असंही त्यांनीच म्हटलं. ३० कोटींच्या देशात १२ वर्षांत १४३ म्हणजे विरळाच. रोज हजारो बाळं अशी मारली जातात म्हणणारे खोटं बोलतात. होतच नाही म्हणणारेही खोटंच बोलतात.

आणि मी पाहिलं आहे. हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, त्याला काही वर्षं झाली. साधारण २३ आठवडे, बाळाच्या मेंदूत आणि हृदयात मोठे दोष, कागदपत्रं सगळी रीतसर. आईचं ते दुसरं बाळंतपण. सुई दिलेली नव्हती, ती देणारं कुणी आमच्याकडे नव्हतंच. पहाटे तीनच्या सुमाराला बाळ आलं. ट्रेमध्ये घेतलं आणि त्याने आचका दिला. मग दुसरा. नाळेला बोट लावलं तर ठोके लागत होते. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, “सिस्टर, तो अबॉर्शनचा केस आहे, तुम्ही आईकडे बघा.” मी आईकडे बघितलंच, वार अजून पडायची होती. पण बाळ उघड्या स्टीलच्या ट्रेमध्ये होतं आणि वर पंखा चालू होता. सोबतच्या नर्सने पंखा बंद केला. मी टॉवेल वॉर्मरखाली धरून गरम केला आणि बाळाला त्यात गुंडाळलं. वजन ५२० ग्रॅम. पुढचा पाऊण तास आम्ही दोघी आळीपाळीने त्याच्यापाशी उभ्या होतो. काय करायचं ते आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं, काय करायचं नाही तेही नाही.

“कायद्याच्या लेखी ते बाळ नव्हे.” हा मुद्दा सगळ्यात धोक्याचा आहे, कारण तो वाचून उद्या एखादी नवी मुलगी ट्रे बाजूला सरकवेल आणि आपण कायद्याने वागलो असं समजेल. जन्म-मृत्यू नोंदणीचा १९६९ चा कायदा उघडा. जिवंत जन्माच्या व्याख्येत स्वच्छ लिहिलं आहे: गर्भधारणा कितीही आठवड्यांची असो, आईच्या शरीरातून पूर्ण बाहेर आल्यावर श्वास घेतला किंवा जिवंतपणाची दुसरी कुठलीही खूण दिसली, तर तो जिवंत जन्म. बाळ गर्भपाताच्या गोळ्यांनी आलं की आपसूक कळांनी, हे त्या व्याख्येत कुठेच विचारलेलं नाही. म्हणजे त्याचा जन्म नोंदवायचा, आणि ते गेलं तर मृत्यूही.

बरं, हे फक्त नोंदीपुरतं आहे असं कुणी म्हणेल. तर आपल्या मुंबई उच्च न्यायालयाचा ३ एप्रिल २०१९ चा निकाल वाचावा. न्यायमूर्ती ओक आणि न्यायमूर्ती सोनक यांच्या खंडपीठाने त्यात थेट हाच प्रश्न घेतला. गर्भपाताचा प्रयत्न होऊनही मूल जिवंत जन्मलं, तर त्या परिस्थितीत मिळू शकणारे उत्तमात उत्तम उपचार त्याला मिळतील याची पूर्ण जबाबदारी संबंधित डॉक्टर आणि हॉस्पिटलची. आईवडील ते मूल सांभाळायला तयार नसतील किंवा सांभाळण्याच्या स्थितीत नसतील, तर जबाबदारी सरकारची, आणि तीही बालन्याय कायद्यानुसार, मुलाचं हित बघून. हा निकाल अमेरिकेतून आलेला नाही. तो आपल्याच राज्यातल्या बायकांच्या अर्जांवर दिलेला आहे, आणि त्याच निकालात बायकांच्या हक्काची बाजूही उचलून धरलेली आहे.

फौजदारी कायदाही गप्प नाही. पूर्वी भारतीय दंड विधानाचं कलम ३१५ होतं, १ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेत कलम ९१ म्हणून आलं. मूल जिवंत जन्मू नये किंवा जन्मानंतर मरावं या हेतूने जन्माआधी काही करणं आणि त्याने तसं घडणं हा गुन्हा आहे, शिक्षा १० वर्षांपर्यंत. आईचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे केलेल्या कृतीला त्यात सूट आहे. एमटीपी कायदा, म्हणजे आपला गर्भपाताचा कायदा, डॉक्टरांना संरक्षण देतो ते गर्भधारणा संपवण्यासाठी. बाळ बाहेर आलं की ती गर्भधारणा संपलेली असते.

“आईने सही दिलेली असते.” दिलेली असते, फॉर्म सी वर. मी तो शेकडो वेळा भरून घेतला आहे. त्यात बाई आपली गर्भधारणा संपवायला संमती देते. जन्मलेल्या मुलावर उपचार करू नका असं त्यात एका अक्षरानेही नाही, आणि तसं लिहून घेतलं तरी ते चालणार नाही. ती सही तिच्या शरीराबद्दलची आहे. तिच्या सहीवर आपलं ओझं टाकू नका, एवढंच.

“तसंही ते जगत नाही.” इथे जरा थांबून बोलायला हवं, कारण यात अर्धं खरं आहे. मी सांगितलं ते बाळ जगणारच नव्हतं. कुठल्याही एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, नेलं असतं तरी नाही. नळ्या घालून त्याचे हाल वाढवणं मलाही मान्य नव्हतं. पण जगणार नाही म्हणजे काही करायचं नाही, असा अर्थ कुठून निघाला? आपल्या वॉर्डातला कॅन्सरचा शेवटचा पेशंट आपण पंख्याखाली उघडा टाकत नाही. बाळाला कोरडं करायचं, ऊब द्यायची, वेदना दिसत असतील तर त्यावर औषध द्यायचं आणि आईला विचारायचं: बघायचंय का, जवळ घ्यायचंय का? काही आया नाही म्हणतात, आणि तेही बरोबरच असतं. काही हो म्हणतात. त्या रात्री त्या बाईला कुणी विचारलंच नाही. मीही विचारलं नाही. सकाळी पुढच्या शिफ्टला ओव्हर देताना माझ्या लक्षात आलं, तोवर तिला वॉर्डात हलवलं होतं.

पण सगळी बाळं तशी नसतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात एका विवाहित बाईचं प्रकरण होतं. तिला आधीची दोन मुलं होती, बाळंतपणानंतरचा मानसिक आजार होता आणि दिवस २६ आठवड्यांच्या पुढे गेले होते. ९ तारखेला परवानगी मिळाली. दुसऱ्याच दिवशी एम्सच्या डॉक्टरांनी कळवलं की बाळ जगण्याची दाट शक्यता आहे, तर आधी त्याचे ठोके थांबवायचे का, ते कोर्टाने स्पष्ट सांगावं. नाहीतर हा गर्भपात राहणार नाही, अकाली प्रसूती होईल. दोन न्यायाधीशांचं त्यावर एकमत झालं नाही, आणि १६ तारखेला तीन न्यायाधीशांच्या पीठाने परवानगी नाकारली. निकाल पटो न पटो, एम्ससारख्या ठिकाणी तज्ज्ञ डॉक्टरांनाही पुढे काय करायचं ते विचारावं लागलं. मग पहाटे तीनला एकट्या नर्सने ते कसं ठरवायचं?

आता दुसरी बाजू, कारण माझं बोलणं कुणी वापरेल याची मला भीती आहे. जून २०२३ मध्ये औरंगाबाद खंडपीठासमोर १५ वर्षांच्या अत्याचारग्रस्त मुलीचा अर्ज होता, २८ आठवडे झालेले. अशा अर्जांवर मत देणाऱ्या डॉक्टरांच्या वैद्यकीय मंडळाने सांगितलं की आता गर्भपात केला तरी बाळ जिवंतच जन्मेल. त्यावर परवानगी नाकारली गेली. ‘बाळ जिवंत जन्मेल’ हे वाक्य त्या मुलीच्या विरोधात गेलं, आणि याचा मला फार त्रास होतो. मी जे मांडते आहे ते जन्म झाल्यानंतरचं आहे. त्याआधी त्या मुलीचं काय व्हावं हा प्रश्न तिचा आहे. एप्रिल २०२४ मध्ये १४ वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सायन हॉस्पिटलमधल्या मंडळाचा अहवाल पाहून ३० आठवड्यांच्या आसपासही आधी परवानगी दिली होती. पुढे पालकांनीच मन बदललं म्हणून तो आदेश मागे घेतला, पण शेवटच्या निकालात गर्भवतीची संमतीच सगळ्यात महत्त्वाची असं म्हटलं. मुलीचा हक्क आणि जन्मलेल्या बाळाची ऊब यांत भांडण आहे असं मला कधीच वाटलं नाही.

खरं तर भांडण उशिराशी आहे. दोष दाखवणारी सोनोग्राफी होते साधारण १८ ते २० आठवड्यांना. खेड्यातल्या बाईची ती २२ ला होते, रिपोर्ट घेऊन मोठ्या डॉक्टरकडे जाईपर्यंत २३, मग मंडळ, मग कधी कोर्ट. एमटीपी कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनंतरच्या नियमांत मंडळाने ३ दिवसांत मत द्यायचं आणि अर्जापासून ५ दिवसांत प्रक्रिया व्हायची असं आहे. मंडळावर बालरोगतज्ज्ञ असावा असंही आहे. मग त्याच बैठकीत त्याने एक ओळ का लिहू नये: ठोके आधी थांबवायचे की नाही; नाही तर बाळ आल्यावर एनआयसीयू की फक्त ऊब आणि आराम; हजर कोण राहणार. ही ओळ केसपेपरवर असली की रात्रीच्या नर्सला फोन धरून उभं राहावं लागणार नाही.

उरला शेवटचा मुद्दा, “नर्सेस प्रचार करतात.” अमेरिकेत इलिनॉयमधल्या जिल स्टानेक या नर्सने अशीच बाळं पाहिल्याचं तिथल्या संसदेच्या समितीपुढे सांगितलं. २००२ मध्ये जिवंत जन्मलेल्या बाळांबद्दल तिथे कायदा झाला, आणि स्टानेक पुढे गर्भपातविरोधी चळवळीत गेल्या. त्या वाटेने मी जाणार नाही. पण म्हणून त्यांचा प्रश्नच खोटा होत नाही. आणि नर्सला नीतीतलं काय कळतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी मुंबईचं केईएम हॉस्पिटल आठवावं. तिथलीच नर्स अरुणा शानबाग हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळली, तिला १९७३ ते २०१५ नर्सेसनी कूस बदलून, भरवून सांभाळलं, आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार केईएमच्या कर्मचाऱ्यांचाच मानला. जवळून पाहणाऱ्याला काही दिसतं, एवढं तेव्हा कोर्टाने ओळखलं होतं.

त्या रात्री बाळ गेल्यावर डॉक्टर आले आणि म्हणाले, रजिस्टरला फक्त अबॉर्शन लिहा. मी एमटीपीच्या रजिस्टरला ती नोंद केली, कारण ती खरी होती. मग दुसरं रजिस्टर ओढलं. त्यात लिहिलं: स्त्री, ५२० ग्रॅम, जन्म पहाटे ३.१०, मृत्यू ३.५५. त्यांनी ते वाचलं, थोडा वेळ काही बोलले नाहीत, आणि खाली सही केली.