हर्षद मेहताने ‘फक्त पळवाटा वापरल्या’? १९९२ च्या वह्या वेगळं सांगतात

१९९२ च्या रोखे घोटाळ्यातला शेअर दलाल हर्षद मेहता याच्याबद्दलचा हा मजकूर तुमच्याही गटात आला असेल. ‘हर्षदने कोणाचा रुपया चोरला नाही. कायद्यात पळवाटा होत्या, त्या हुशारीने वापरल्या. बँकांचे पैसे परतही केले. त्याच्यामुळे मध्यमवर्गाने पैसा पाहिला आणि शेवटी बळी मात्र त्याचा एकट्याचा दिला.’ बँकेच्या नोकरीत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी पळवाटेचं बघू, कारण सगळा डोलारा त्या एका शब्दावर उभा आहे.

त्या काळी बँका आपसांत ‘रेडी फॉरवर्ड’ व्यवहार करत. एका बँकेने दुसरीला सरकारी रोखे विकायचे आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या भावाने परत घ्यायचे. नावाला विक्री, पण खरं तर रोख्यांच्या आधारावर थोड्या दिवसांचं कर्ज. रोखे हातोहात फिरत नसत. रिझर्व्ह बँकेच्या सार्वजनिक कर्ज कार्यालयातल्या हाताने लिहिलेल्या वह्यांत त्यांची नोंद व्हायची आणि तिला वेळ लागायचा. तोवर विकणारी बँक घेणाऱ्या बँकेला एक पावती द्यायची. ही बँक रिसीट, बाजाराच्या बोलीत ‘बीआर’. तिचा अर्थ एवढाच, की रोखे विकलेत आणि ते तुम्हाला मिळतील. मधे दलाल असायचा. चेक निघायचा बँकेच्या नावाने आणि जमा व्हायचा दलालाच्या खात्यात. तिथून तो पैसा शेअर बाजारात जायचा.

वह्यांतल्या नोंदींना उशीर होतो, ही यंत्रणेतली ढिलाई झाली. रोखेच नसताना पावती लिहिणं ही ढिलाई नाही, ते खोटं दस्तऐवज आहे. भिंतीला भोक दिसलं म्हणून आत शिरून तिजोरी रिकामी करणाऱ्याला आपण ‘भोकाचा हुशार वापर करणारा’ म्हणत नाही. शिवाय जुलै १९९१ मध्येच रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून बँकांना अशा व्यवहारांबद्दल बजावलं होतं. तेव्हा ‘तेव्हा नियमच नव्हता’ हेही खरं नाही.

आणि हे उघडकीला कसं आलं? मला या प्रकरणात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच वाटते. देशातल्या सगळ्यात मोठ्या बँकेत, स्टेट बँकेत, रोख्यांची स्वतःची वही आणि रिझर्व्ह बँकेची वही शेजारी शेजारी ठेवली गेली. २०१० साली मुदत संपणाऱ्या साडेअकरा टक्क्यांच्या केंद्रीय कर्जरोख्यांत ५७४ कोटींचा फरक निघाला. आमच्या शाखेत रोकड दहा रुपयांनी कमी भरली तरी संध्याकाळी कोणी घरी जात नसे. इथे ५७४ कोटी! २३ एप्रिल १९९२ रोजी पत्रकार सुचेता दलाल यांची बातमी ‘टाइम्स ऑफ इंडिया’त आली आणि आठवडाभरात रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर आर. जानकीरामन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. चेक कोणाचा, जमा कोणाच्या खात्यात, त्यामागे रोखा आहे की नाही, हे बँकेमागून बँक तपासत समितीने एकामागून एक अहवाल दिले. घोटाळ्याचा आकडा ४,०२४ कोटींच्या घरात गेला. हे काम कंटाळवाणं असतं. त्याला पार्श्वसंगीत नसतं. पण सत्य अशाच कामातून बाहेर येतं.

‘पैसे परत केले’ हा दावा अर्धा खरा आहे, म्हणून जास्त फसवा. एप्रिल १९९२ मध्ये मेहताने स्टेट बँकेची तूट भरून दिली. पण कशाने? नॅशनल हाउसिंग बँकेच्या चेकांनी. एका बँकेचं भगदाड दुसऱ्या बँकेच्या पैशाने बुजवलं. पुढे स्टेट बँकेलाच सातशे कोटींहून अधिक रक्कम नॅशनल हाउसिंग बँकेला द्यावी लागली. नंतरची वसुली झाली ती कायद्याने जप्त केलेले शेअर आणि मालमत्ता विकून, अनेक वर्षं लावून. जप्तीला परतफेड म्हणायचं का?

न्यायालयाचं थोडक्यात. मारुती उद्योगाच्या पैशाच्या प्रकरणात विशेष न्यायालयाने १९९९ मध्ये मेहताला दोषी ठरवून पाच वर्षांची शिक्षा दिली. डिसेंबर २००१ मध्ये तो कोठडीत असतानाच वारला आणि बरेच खटले तिथेच थांबले. थांबलेला खटला म्हणजे निर्दोष सुटका नव्हे.

मध्यमवर्गाने पैसा पाहिला, हे खरं. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४६७ वर होता. पुढच्या एप्रिलपर्यंत तो निम्म्याखाली आला. शेवटी शेवटी शिरले ते बहुतेक आपल्यासारखेच, भविष्य निर्वाह निधीतून उचल घेऊन, बायकोचे दागिने ठेवून. त्यातल्या कित्येकांचे शेअर आधी अधिसूचित दलालांच्या, म्हणजे घोटाळ्यात नाव जाहीर होऊन मालमत्ता जप्त झालेल्यांच्या, हातून गेलेले निघाले. ‘टेंटेड’ म्हणजे डागी शेअर म्हणून ते अडकले. पैसे मोजून, सचोटीने घेतलेले शेअर स्वतःच्या नावावर करायला लोक वर्षानुवर्षं झगडत राहिले.

राहिला ‘एकट्याचा बळी’. तो एकटा नव्हता, हे मला पूर्ण मान्य आहे. परदेशी बँका, सरकारी बँकांचे अधिकारी, इतर दलाल, सगळे यात होते आणि त्यातले अनेक सहज सुटले याचा रागही येतो. पण बळी शोधायचा असेल तर कराडकडे बघा. बँक ऑफ कराड ही आपल्या साताऱ्याकडची छोटी बँक. तिच्या नावाने तिच्या ऐपतीच्या कितीतरी पलीकडच्या पोकळ पावत्या निघाल्या. त्यांत मुख्यतः दुसऱ्या दलालांचे व्यवहार होते, तेही मुंबईतले. १९९२ मध्ये बँक बुडाली. तेव्हा ठेवीवर विम्याचं संरक्षण होतं फक्त ३०,००० रुपयांपर्यंत. पुढे बँक ऑफ इंडियाने ती सामावून घेतली, पण तोवर ज्यांची विम्याहून मोठी ठेव अडकून पडली, त्यांनी ‘रेडी फॉरवर्ड’ हा शब्दही कधी ऐकलेला नव्हता.