सिंहगड यादीत आहे की नाही?

"दिवसाला शंभर प्रश्न सोडवल्याशिवाय मी झोपत नाही," असं लातूरवाला म्हणाला आणि पुण्याच्या नवी पेठेतल्या आमच्या चहाच्या कट्ट्यावर वादाला तोंड फुटलं. विषय नेहमीचाच, स्पर्धा परीक्षेसाठी चालू घडामोडींचे सराव प्रश्न. टेलिग्रामवर रोज सकाळी पीडीएफ येऊन पडते, हा गडी ती संध्याकाळपर्यंत संपवतो, मार्क मोजतो आणि दुसऱ्या दिवशी पुढची उघडतो.

कोल्हापूरकराला हे मुळातच पटत नाही. "अरे, प्रश्न कसले सोडवतोस? रोजचा पेपर नीट वाच, पीआयबीवरची केंद्र सरकारची प्रसिद्धीपत्रकं बघ. बातमी कळली की प्रश्न कुठूनही येऊ दे. तू नुसते पर्याय पाठ करतोयस."

"आणि तू वाचलेलं सहा महिन्यांनी आठवतं का तुला?"

दोघांचेही आवाज चढले. तेव्हा सटाण्याच्या ताईने लातूरवाल्याचा मोबाइल मागून घेतला. आमच्यात मुख्य परीक्षेपर्यंत जाऊन आलेली ती एकटी, त्यामुळे ती बोलायला लागली की बाकीचे ऐकतात. तिने त्याच पीडीएफमधल्या विषयावर तिथल्या तिथे प्रश्न केला. जुलै २०२५ मध्ये 'मराठा मिलिटरी लँडस्केप्स ऑफ इंडिया' या नावाने युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या किल्ल्यांपैकी पुढीलपैकी कोणते? साल्हेर, सिंहगड, जिंजी, खांदेरी.

"चारही," लातूरवाला क्षणात म्हणाला.

"जिंजी नाही. ती तमिळनाडूत आहे," कोल्हापूरकर.

दोघेही चुकले. सिंहगड त्या यादीत नाही, जिंजी आहे. बारा किल्ल्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला, हे लातूरवाल्याने वनलायनर म्हणून पाठ केलेलं होतं. पण पुण्यात राहून समोर सिंहगड दिसत असताना तो यादीत नसेल, हे त्याच्या मनातही आलं नाही. कोल्हापूरकराने बातमी पहिल्या दिवशीच वाचली होती, पण त्या वाचलेल्यावर स्वतःला एकही प्रश्न विचारला नव्हता. मला त्या दोन चुका फार बोलक्या वाटल्या, कारण आम्हा सगळ्यांचा अभ्यास यातल्याच कुठल्या तरी एका चुकीच्या वाटेने चाललेला असतो.

ताई तिथेच थांबली नाही. जिंजी का? १६८९ मध्ये राजाराम महाराज तिथे पोचले आणि मोगलांचा वेढा १६९८ पर्यंत चालला, म्हणजे त्या काळात स्वराज्याचा कारभार तिथूनच हलत होता. मग इतिहासाचा प्रश्न आणि चालू घडामोडींचा प्रश्न वेगळा राहिला कुठे? साल्हेर तर तिच्या बागलाणातला, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. पुढे तिने कागद घेऊन जोड्या लावायला सांगितल्या. खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि सिंधुदुर्ग बेटावरचे, विजयदुर्ग मात्र किनाऱ्यावरचा. प्रतापगड डोंगरी आणि वनदुर्ग, पन्हाळा पठारावरचा. आठ किल्ले केंद्राच्या पुरातत्त्व खात्याकडे आणि साल्हेर, राजगड, खांदेरी, प्रतापगड हे चार राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे. पन्हाळा 'आमचा' म्हणणाऱ्या कोल्हापूरकरालाही तो केंद्राकडे की राज्याकडे, हे सांगता आलं नाही.

"एका प्रश्नातून सात प्रश्न निघाले," ती म्हणाली. "बरोबर पर्यायाला टिक करून पुढे गेलास तर एकच मिळतो. उरलेले तीन का चूक, हे शोधलंस तर बाकीचे मिळतात."

लातूरवाला गप्प बसणाऱ्यातला नाही, आणि त्याचा मुद्दा खोटाही नव्हता. "ताई, या एका प्रश्नावर आपण अर्धा तास घालवला. पूर्वपरीक्षेत दोन तासांत शंभर प्रश्न, म्हणजे एकाला बहात्तर सेकंद. हात बसायला नको? शिवाय राज्यसेवेत एक चुकला की पाव वाट्याने गुण जातात, यूपीएससीत एक तृतीयांश. कुठला प्रश्न सोडून द्यायचा, हे सराव केल्याशिवाय कळत नाही."

हे मला मान्य आहे. वेळ लावून सोडवण्याला पर्याय नाही. पण तो सराव जुन्या प्रश्नपत्रिकांवर करावा, कारण त्यामागे परीक्षा घेणाऱ्या लोकसेवा आयोगाचा हात असतो. रोजच्या पीडीएफमागे कोण असतं, ते कुणालाच माहीत नसतं. आमच्याच ग्रुपवर आलेल्या एका संचात सगळे बारा किल्ले महाराष्ट्रात असल्याचं उत्तर होतं आणि कित्येकांनी ते वहीत उतरवून घेतलं. आयोगाच्या पहिल्या उत्तरतालिकेवर हरकत तरी घेता येते, इथे कुणाकडे घ्यायची? गावाकडून महिन्याला खोलीचे आणि मेसचे पैसे मागवून इथे बसलेल्या पोरांच्या माथी असं चुकीचं उत्तर मारणं मला अक्षम्य वाटतं.

कोल्हापूरकराला आता जोर चढला. "आणि मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली ना? १७५० गुणांचं लिहायचंय. तिथे कुठले चार पर्याय देणार तुला?"

"म्हणून तर म्हणते," ताई म्हणाली, "महिला आरक्षणाचं घे. विधेयक १२८ वं, घटनादुरुस्ती १०६ वी, २०२३ ची. पूर्वपरीक्षेत तुला या दोन आकड्यांत फसवतील. मुख्य परीक्षेत विचारतील, आधी जनगणना आणि मग मतदारसंघांची पुनर्रचना, ही अट कायद्यात का घातली आणि तिचा परिणाम काय. बातमी एकच, तयारी दोन्हीची."

"मग रोज किती प्रश्न करायचे, ते सांग," लातूरवाला.

"दहा. पण दहाही तू स्वतः तयार केलेले. आणि ते याला सोडवायला द्यायचे."

"माझे दहा तो सोडवणार आणि त्याचे मी?" कोल्हापूरकर म्हणाला. "चालेल. पण पेपर वाचणं मी सोडणार नाही."

"मी पण शंभर सोडणार नाही," लातूरवाला म्हणाला. "फार तर पन्नासवर येतो."