पोरं खूश आहेत का?

कॉलेजची फी वेबसाइटवर कळते, मागच्या वर्षीचा कटऑफ प्रवेशाच्या कॅप राउंडच्या यादीत सापडतो आणि प्लेसमेंटचं पॅकेज तर गेटबाहेरच्या फ्लेक्सवरच झळकत असतं, टायवाल्या फोटोंसकट. आमच्या कन्येचा प्रश्न मात्र भलताच: "बाबा, तिथली मुलं खूश असतात का?"

आता हे कुठे बघायचं? एनआयआरएफ, म्हणजे केंद्र सरकारची क्रमवारी यंत्रणा, २०१६ पासून कॉलेजांची क्रमवारी लावतंय. अध्यापन, संशोधन, निकाल, सर्वसमावेशकता, लोकमत असे पाच निकष आहेत. पोरं हसतात का, याला अर्धा मार्क नाही.

माहितीपुस्तिकेत मात्र सगळीच हसतात. हिरवळीवर चौघं, मध्ये एक लॅपटॉप आणि चौघांना एकदमच हसू फुटलेलं. प्रत्यक्ष गेलो, तर त्याच हिरवळीवर पाटी: 'येथे बसू नये. हुकुमावरून.'

एका मुलाला गाठून सरळ विचारलं, "काय रे, खूश आहेस का?" तो दचकलाच. "काका, तुम्ही कॉलेज तपासायला येणाऱ्या नॅकच्या टीममधले का?" नाही म्हटल्यावर त्याचा जीव भांड्यात पडला. "मग शनिवारनंतर विचारा. आत्ता सबमिशन चालू आहेत."

खरी माहिती निघाली ती गेटसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे. (हा माणूस कुठल्याच समितीवर कसा नाही, देव जाणे.) "इथली पोरं आदल्या रात्री येतात, उधारी करतात, वर तासभर टवाळक्या करतात," तो म्हणाला. "पलीकडच्या कॉलेजातली वेळेवर येतात, सुट्टे पैसे देतात, गप जातात."

"म्हणजे शिस्तीची!" मी खूश.

"घाबरलेली," तो स्टेपलर मारत म्हणाला.

बायकोची पाहणी तोवर आटोपली होती. लेडीज टॉयलेटला कडी आहे आणि ती लागते, एवढ्यावर तिने कॉलेज पास केलं.

कन्या कॅन्टीनशेजारच्या नोटीस बोर्डासमोर खिळली होती. वर ७५ टक्क्यांखाली हजेरी असलेल्यांची डिफॉल्टर लिस्ट, खाली पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिकेचा संच. दोन्हीकडे नावं तीच! १९६३ पासून ही स्पर्धा चालू आहे, म्हणजे किती पिढ्यांची हजेरी तालमीत बुडाली असेल, याचा हिशेब मी मनात मांडत होतो. तिने फोटो काढला. ऑप्शन फॉर्मवर हेच कॉलेज एक नंबरला गेलं.

"आणि तुझ्या हजेरीचं काय?" मी हळूच विचारलं.

"बाबा, आधी ऑडिशन तर होऊ दे."